एमटीबीचं तेच काम पुन्हा पुन्हा निघतंय? आधी मोडलेला भाग नीट वाचा

नवीन एमटीबी (माउंटन बाइक, डोंगरवाटांची सायकल) घेतली, खडकाळ वाटांवर न्यायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत दुरुस्तीचं चक्र मागे लागलं. कधी मागचं चाक आउट (सरळ न फिरता डुलणारं), कधी गिअर उड्या मारतायत, कधी ब्रेक केकाटतोय. दुकानातून नीट करून आणली की काही राइड बऱ्या जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: सायकल वाईट लागली, नाहीतर मेकॅनिकला काम जमत नाही. कधीकधी ते खरंही असतं. पण एकच भाग, त्याच बाजूला, तशाच पद्धतीने दुसऱ्यांदा गेला असेल, तर कारण बहुधा चालवण्यात असतं. भाग बदलला तरी सवय तीच राहते, म्हणून काम परत निघतं.

यात कमीपणा वाटून घ्यायचं काही नाही. वाट वाचायला, वजन हलवायला, वेळेवर गिअर टाकायला शिकेपर्यंत सगळे धक्के सायकलच खाते. फक्त ते कुठे बसले हे ती दाखवत असते आणि ते बघायची सवय आपल्याला नसते.

मित्रमंडळींच्या सायकली माझ्याकडे येतात तेव्हा माझं पहिलं मागणं एकच असतं: काढलेला जुना भाग टाकू नका. दुकानात बदलून घेतला असेल तर मागून आणा. फुटलेली ट्यूब, तुटलेला स्पोक, झिजलेले पॅड, जुनी चेन. निदान यांच्यावरूनच होतं. नवा भाग काहीच सांगत नाही.

मागचं चाक सारखं आउट होतंय, पंक्चर होतंय, स्पोक तुटतायत

ही तक्रार सगळ्यांत जास्त येते, म्हणून इथे जरा थांबू. सीटवर बसलेलं असताना आपलं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असतं. पुढच्या चाकाला निदान सस्पेन्शन असतं. हार्डटेलच्या (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीच्या) मागच्या चाकाला टायरमधल्या हवेखेरीज काहीही नाही. त्यामुळे नवशिक्याच्या चुका आधी मागच्या चाकावर उमटतात.

ट्यूबपासून सुरुवात करा. ती काढण्याआधी व्हॉल्व्हजवळ टायरवर खडूने खूण करा, म्हणजे भोक टायरच्या आणि रिमच्या नेमक्या कुठल्या जागी आलं ते कळेल. मग भोकाचा आकार बघा.

शेजारीशेजारी दोन बारीक चिरा असतील तर तो काटा नाही. दगडाच्या कडेवर टायर पूर्ण दबला, ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली आणि रिमच्या दोन्ही कडांनी तिला चावा घेतला. हवा कमी होती, किंवा तुम्ही दगडावर बसून आदळलात, किंवा दोन्ही.

एकच बारीक भोक टायरच्या बाजूला असेल तर काटा, काच, तार. बोट जपून टायरच्या आतून फिरवा, ती वस्तू अजून तिथेच रुतलेली असते आणि नवीन ट्यूबही तीच फोडते. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि स्पोकचं भोक किंवा निपलचं (स्पोक रिमला धरणाऱ्या नटाचं) टोक उघडं पडलंय. इथे कितीही ट्यूब बदला, पट्टी बदलेपर्यंत पंक्चर होतच राहणार. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर कमी हवेत जोरात ब्रेक मारल्याने टायर रिमवर घसरतोय आणि ट्यूबला सोबत ओढतोय. पुढच्या राइडनंतर व्हॉल्व्ह बघा, तिरका झाला असेल तर खात्री पटेल.

चिमटलेल्या ट्यूबवर 'हवा जास्त भरा' हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. टायर दगडासारखा टणक केला की पंक्चर थांबतं, पण पकड जाते, चाक प्रत्येक खड्यावर उडतं आणि तोच धक्का आता स्पोक आणि रिम खातात. साधारण ७० किलोचा चालक, २.२ ते २.४ इंची टायर, आत ट्यूब, असं असेल तर २५ ते ३० पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करा. मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त. वजन जास्त असेल तर थोडं वर, ट्यूबलेस असेल तर थोडं खाली. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. आणि अंगठ्याने दाबून अंदाज घेणं सोडा. २० आणि ३० मधला फरक अंगठ्याला खात्रीने कळत नाही. ट्यूबमधून हवा हळूहळू जातच असते, त्यामुळे गेज असलेल्या पंपाने प्रत्येक राइडआधी बघायचं.

आता स्पोक. तो कुठे तुटलाय? हबजवळच्या (चाकाच्या मध्यभागाजवळच्या) वाकणात तुटला असेल, आणि नवशिक्यांचे बहुतेक तिथेच तुटतात, तर तो एका धक्क्याने गेलेला नसतो. चाक फिरताना जमिनीकडे येणारा स्पोक दर फेऱ्याला थोडा सैल होतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. ताण आधीच कमी असेल तर ही ढिली-घट्ट हालचाल मोठी होते आणि वाकणातली तार थकून तुटते. म्हणजे 'स्पोक फार टाइट होता म्हणून तुटला' हा समज बहुतेक वेळा उलटा असतो. सैल चाकाचेच स्पोक जास्त तुटतात.

तुटलेला एक स्पोक बदलला, आठवड्याने शेजारचा गेला, मग तिसरा. ही मालिका ओळखीची असेल तर मेकॅनिकला फक्त आउट काढायला सांगू नका. पूर्ण चाकाचा ताण तपासून सारखा करायला सांगा. एव्हाना तीन-चार स्पोक गेले असतील तर बाकीचेही तितकेच थकलेले आहेत. चाक नवीन स्पोकांनी बांधून घेणं हाच शहाणपणा. नवी सायकल घेतल्यावर पहिल्या काही राइडनंतर स्पोक बसतात आणि ताण उतरतो, म्हणून ती पहिली तपासणी चुकवू नये. घरी करायची चाचणी सोपी आहे: शेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत धरून दाबत चाकभर फिरा, मग एकाच बाजूचे स्पोक नखाने छेडा. त्या बाजूचा आवाज साधारण सारखा हवा. एखादा बद्द वाजला तर तो सैल. उजवी आणि डावी बाजू मात्र एकमेकींशी ताडून बघू नका. मागच्या चाकात कॅसेटच्या (गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या) बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, ते तसंच असायला हवं.

कॅसेटमागच्या स्पोकांवर ओरखडे दिसतायत का तेही बघा. चेन कधी सर्वांत मोठ्या चक्राच्या पलीकडे पडली असेल तर तिने स्पोकांना खाचा पाडलेल्या असतात आणि ते पुढे त्या खाचेतच तुटतात. ते दुखणं चाकाचं नाही, गिअरचं आहे. त्याकडे पुढे येऊ.

रिमच्या कडेला खळगा पडला असेल तर तो स्पोक आवळून निघत नाही. किरकोळ असेल आणि डिस्क ब्रेक असतील तर चालतं. ट्यूबलेसमध्ये मात्र तिथून हवा जात राहते.

आता हे सगळं घडवणारी सवय. खडबडीत भाग आला की घाबरून सीटवर घट्ट बसणं. पाय सैल, हात कडक, आणि सगळा भार थेट मागच्या चाकावर. उपाय ऐकायला साधा आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो: खडक, मुळं, पायरी आली की पेडल मारणं थांबवा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा, त्यांवर उभे राहा, सीट मांड्यांच्या मध्ये मोकळी राहू द्या. गुडघे आणि कोपरं वाकलेली. भार टाचांकडे, हातांवर फक्त हँडल वळवण्यापुरता. असं उभं राहिल्यावर मागचं चाक दगडावरून स्वतःच वर उचललं जातं, कारण त्याच्यावर बसलेलं कोणी नसतं. उतारावर सीट थोडी खाली घेतली तर हे खूप सोपं होतं. सपाटीवर पुन्हा वर घेताना सीटपोस्टवरची कमाल उंचीची रेघ फ्रेमच्या बाहेर येऊ देऊ नका. ती बाहेर आली की फ्रेमची सीट-नळी फाटण्याचा धोका असतो.

एखाद्या बुटक्या पायरीवर, सावकाश, हे परत परत करून बघा. चाकाचा आवाज ऐका. बसून गेलात तर ठक् असा आवाज येतो, उभे राहून गेलात तर जवळजवळ काहीच नाही. तो आवाज हाच तुमचा शिक्षक.

ब्रेक केकाटतोय, लिव्हर हँडलला टेकतोय, पॅड लवकर संपतायत

आधी पुढचे आणि मागचे पॅड समोरासमोर ठेवा. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर जातं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढच्या ब्रेकचं असतं. मागचे पॅड पुढच्यांपेक्षा खूपच लवकर संपत असतील, आणि मागच्या टायरच्या मधल्या गुट्ट्या एखाद्या जागी सपाट घासल्या गेल्या असतील, तर तुम्ही पुढच्या ब्रेकला भिताय. पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पलटी खातो ही भीती नव्याने चालवणाऱ्या प्रत्येकाला असते. ती एकदम जोरात दाबल्यावर खरी ठरते. हळूहळू वाढत जाणाऱ्या दाबाने, कंबर मागे आणि खाली ठेवून, सरळ रेषेत पुढचा ब्रेक लावला तर सायकल कमी अंतरात आणि शांतपणे थांबते. मागचं चाक लॉक करून घसरत नेणं म्हणजे टायरही जातो, पायवाटही उकरली जाते आणि सायकल थांबतही नाही.

दुसरी सवय म्हणजे पूर्ण उतारभर दोन्ही लिव्हर हलकेच ओढून ठेवणं. रोटरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला) गार व्हायला क्षणभरही मिळत नाही. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, रोटरवर निळसर-पिवळट छटा येते, ब्रेकमधलं द्रव तापतं आणि लिव्हर मऊ पडतो. याऐवजी वळणाच्या आधी नेटाने ब्रेक लावा, वेग कमी करा, आणि मग पूर्ण सोडा. प्रत्येक लिव्हरवर एकच बोट पुरेसं असतं. पुरत नसेल तर लिव्हर चुकीच्या जागी आहे किंवा ब्रेकमध्ये बिघाड आहे.

केकाटण्यामागे आणखी दोन कारणं असतात. एक, नवे पॅड किंवा रोटर टाकल्यावर ते बसवले नाहीत. सपाट रस्त्यावर बरा वेग घ्या, एकच ब्रेक हळूहळू दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, पूर्ण थांबू नका, सोडा. असं एका ब्रेकला पंधरा-वीस वेळा. मग दुसऱ्याला. यात पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा चढतो आणि ब्रेकची ताकद त्याच थरावर अवलंबून असते. दोन, तेल. चेनवर स्प्रे मारताना त्याचे कण रोटरवर जातात. स्प्रेऐवजी थेंबाथेंबाने घालायची बाटली वापरा. रोटर स्वच्छ फडक्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काच झालेले पॅड बारीक सँडपेपरवर घासून वाचतात; तेल प्यायलेले पॅड मात्र बदलायचे. ते भाजून, जाळून वाचवायचे प्रकार खात्रीचे नाहीत, आणि ब्रेकच्या बाबतीत खात्री नसलेलं काही करू नये.

मापं लक्षात ठेवा; शिमानो आणि स्राम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपन्या. शिमानोच्या पॅडवर घासणारा थर ०.५ मिलिमीटर उरला की बदला. स्रामचे पॅड मागच्या पत्र्यासकट ३ मिलिमीटरच्या खाली गेले की बदला. रोटरही झिजतो. शिमानोच्या रोटरची किमान जाडी १.५ मिलिमीटर असते आणि ती रोटरवरच कोरलेली असते.

पॅड तिरके झिजले असतील तर कॅलिपर (पॅड धरणारा भाग) सरळ बसलेला नाही. त्याचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा, धरूनच बोल्ट आळीपाळीने आवळा. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि रोटर आत शिरत नाही. सायकल गाडीतून नेताना पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला. ब्रेकमध्ये द्रव भरायची वेळ आली तर आधी लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, स्रामच्या बऱ्याच मॉडेलांना डॉट फ्लुइड आणि काहींना मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबरी सील खराब होतात आणि पूर्ण ब्रेक जातो.

गिअर उड्या मारतायत

इथे चार वेगळी दुखणी आहेत, आणि चौघांवर लोक एकच उपाय करतात: शिफ्टरजवळचा ॲडजस्टर फिरवत बसणं. आधी दुखणं ओळखा.

सगळ्याच गिअरांत थोडी खरखर, शिफ्ट उशिरा पडतोय, आणि केबल नवी आहे? केबल आणि तिचं आवरण बसलंय. ॲडजस्टर थोडा थोडा, अर्धा-अर्धा फेरा फिरवा. या एकाच प्रकारात तो उपाय खरा ठरतो.

लहान चक्रांवर सगळं ठीक, मोठ्या चक्रांवर गोंधळ, किंवा नेमकं उलट? हँगर वाकलाय. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. सायकलच्या मागे बसून बघा: डिरेलरची दोन छोटी चक्रं वरच्या चक्राच्या रेषेत सरळ खाली लोंबतायत, की खालचं टोक स्पोकांकडे कललंय? कललं असेल तर सगळ्यांत मोठ्या चक्रावर जाऊच नका. तिथे डिरेलर स्पोकांत शिरतो आणि एका क्षणात डिरेलर, हँगर, चेन आणि निम्मे स्पोक जातात. या सगळ्या यादीत सर्वांत महागडं नुकसान हेच आहे, आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

हँगर वारंवार वाकत असेल तर पडण्याच्या पलीकडची कारणंही शोधा. थांबल्यावर सायकल उजव्या बाजूवर आडवी टाकता का? गाडीत उजवी बाजू खाली ठेवून नेता का? दोन सायकली एकमेकींना टेकवताना दुसऱ्याचं पेडल डिरेलरवर दाबलं जातं का? सायकल आडवी ठेवायचीच तर डावीकडे. हँगर हाताने सरळ केला तर घरी पोहोचण्यापुरता चालतो. नीट सरळ करायला गेज लागतं, आणि बऱ्याचदा वाकवलेला ॲल्युमिनियम परत वाकवताना मोडतोच. तुमच्या फ्रेमच्या मॉडेलचा एक जादा हँगर कायम पाठपिशवीत ठेवा. हे हँगर फ्रेमगणिक वेगळे असतात. स्रामने २०१९ मध्ये यूडीएच हा समाईक नमुना आणल्यापासून नव्या फ्रेमांत ही अडचण बरीच कमी झालीय, पण तुमच्या फ्रेमला तो आहे का हे आधीच बघून ठेवा.

जोर लावला की एखाद-दोन ठरावीक चक्रांवरच चेन घसरते? ती तुमची आवडती चक्रं, झिजलेली. चेनच्या पिनांची जागा झिजून ती लांब होते आणि लांब झालेली चेन कॅसेटचे दात खाते. मग नवी चेन टाकली की ती जुन्या दातांवर बसत नाही आणि लोक म्हणतात, नवी चेन खराब निघाली. पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य लावा. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर ०.५ टक्के झीज झाली: ११ आणि १२ स्पीडला (मागे तितकी चक्रं असलेल्या सायकलीला) चेन बदलायची वेळ. १० किंवा कमी स्पीडला ०.७५ टक्क्यांपर्यंत थांबता येतं. वेळेत चेन बदलत गेलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेनी सहज निघतात.

आणि सगळ्याच गिअरांत, दर काही फेऱ्यांनी नेमका एक झटका? एखादी कडी अडकलीय किंवा पिळली गेलीय. क्रँक (पेडलचा दांडा) हळू उलटा फिरवा आणि डिरेलरच्या छोट्या चक्रांवरून चेन जाताना निरखा, ती कडी तिथे उडी मारेल. पिळलेली कडी बदला, सरळ करू नका.

पिळलेली कडी, वाकलेले दात, तुटलेली चेन यांचं मूळ एकाच क्षणात असतं. चढ अचानक उभा झाला, वेग मेला, आणि आता पूर्ण ताकदीने पेडल दाबत असतानाच तीन गिअर एकदम खाली टाकले. चेन ताणलेली असताना तिला आडवं सरकवायला लावलं. चढ दिसला की तो सुरू होण्याआधीच हलका गिअर घ्या. उशीर झालाच तर एक जोरदार अर्धा फेरा मारून थोडा वेग मिळवा, मग पाय हलका सोडून एक क्लिक. पुन्हा तसंच. आवाज खाड् असा आला तर पाय हलका नव्हता. पुढे दोन-तीन चक्रं असतील तर पुढचं सर्वांत मोठं आणि मागचं सर्वांत मोठं ही जोडी टाळा. चेन तिरकी जाते आणि डिरेलर ताणाच्या टोकाला असतो.

तेलाबद्दल थोडक्यात: जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असं नसतं. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, क्रँक फिरवा, काही वेळ थांबा आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ पकडतं आणि त्या काळ्या चिखलाने चेन सँडपेपरसारखी घासली जाते.

कटकट, कुरकुर आणि ढिलेपणा

डावा क्रँक सैल होणं हे स्वस्त सायकलींचं ठरलेलं दुखणं आहे. चौकोनी अ‍ॅक्सलवर बसणारा क्रँक सैल असताना तुम्ही घरापर्यंत पेडल मारत आलात की त्याचं चौकोनी भोक गोलसर होतं. त्यानंतर कितीही आवळा, पुढच्या राइडला सैल होणारच. दोनदा आवळून तिसऱ्यांदा सैल झाला तर आवळणं थांबवा, क्रँक बदला. पहिल्यांदा नीट बसवताना या बोल्टला साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. खिशातल्या छोट्या ॲलन कीने तो येत नाही.

हेडसेट (हँडल वळताना फिरणारं बेअरिंग) तपासायला पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवा आणि बोटं फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवा. टकटक जाणवली तर प्ले (ढिलेपणा) आहे. आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरचा कॅप थोडा आवळा, मग स्टेम सरळ करून बाजूचे बोल्ट. हा क्रम उलटा केला तर कॅप कितीही आवळून काही होत नाही आणि आटे मात्र जातात.

पाय पेडलवर डोलतोय असं वाटलं तर पेडलचा अ‍ॅक्सल वाकलाय. खडकांतून पेडल मारत गेल्याने खालचं पेडल आपटतं. अशा जागी पूर्ण फेरा न मारता, पेडल समांतर ठेवून पुढेमागे पाव-पाव फेऱ्याने सायकल हलवत न्या. डावं पेडल बसवताना त्याचे आटे उलटे असतात हे विसरू नका.

फोर्क

फोर्कमध्ये हवा असेल तर सॅग (तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते) मोजा: रबरी रिंग खाली सरकवा, सगळ्या सामानासह पेडलवर उभे राहा, जपून उतरा. रिंग एकूण प्रवासाच्या १५ ते २० टक्क्यांवर हवी. प्रत्येक राइडला फोर्क तळाला आपटत असेल तर हवा कमी. अर्धा प्रवासही वापरला जात नसेल तर जास्त, आणि तो धक्का तुमची मनगटं आणि हेडसेट खातायत. चढावर लावलेला लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) उताराआधी काढा. हे विसरल्याने आतले भाग जातात.

राइडनंतर फोर्कच्या चकचकीत नळ्या मऊ फडक्याने पुसा, आणि प्रेशरच्या पाण्याचा झोत सील, हब, बीबी (क्रँकचं बेअरिंग) यांच्यावर मारू नका. पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं. रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्कना खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तासांनी सांगितलेली असते. नेमाने चालवणाऱ्याचे ५० तास वाटतं त्याच्या आधी भरतात.

सगळं सुधारूनही तेच होत असेल तर

मग सायकल कशासाठी बनवलीय ते बघा. जाड टायर आणि पुढे सस्पेन्शन असलेली प्रत्येक सायकल डोंगरवाटांसाठी नसते. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ२०४३ या मानकात सायकलींचे वापरानुसार वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गातली सायकल खडीच्या वाटा आणि १५ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी, तिसऱ्यातली खडबडीत वाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंत, चौथ्यातली १२२ सेंटिमीटरपर्यंत. माहितीपुस्तिकेत किंवा फ्रेमवरच्या स्टिकरवर वर्ग लिहिलेला असतो, आणि काही सुरुवातीच्या मॉडेलांवर कच्च्या वाटांवर वापरू नका अशी स्पष्ट सूचनाही असते. अशी सायकल रोज खडकांतून उडवत असाल तर सवय सुधारून नुकसान कमी होईल, थांबणार नाही. तिला साध्या वाटांवर ठेवा आणि खडकांसाठी योग्य वर्गाची सायकल बघा.

पडल्यानंतर किंवा मोठ्या आपटीनंतर निघण्याआधी पाच गोष्टी बघा: हँगर, रोटर, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, लिव्हर फिरलेत का, सीटखालच्या दांड्या वाकल्यात का. ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प हाताने जोर लावल्यावर फिरतील इतकेच आवळलेले ठेवा. पडल्यावर लिव्हर फिरतो आणि मोडायचा वाचतो. हँडल कार्बनचं असेल आणि त्यावर खोल ओरखडा असेल तर ते वापरू नका.

आणि सायकल धुताना फ्रेमच्या जोडांवरून, विशेषतः पुढची नळी आणि खालची नळी मिळतात तिथून, नख फिरवा. रंगाचा ओरखडा नखाला फारसा लागत नाही. तडा लागतो, आणि पुसल्यावर पुन्हा त्यात काळी रेघ जमते. ॲल्युमिनियममधला तडा स्वतःहून थांबत नाही, वाढतच जातो. रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, फोटो काढा, आणि फ्रेमची वॉरंटी बघणाऱ्या माणसाकडे सायकल चालवत न नेता उचलून न्या.